डावीकडचं पान

१

गुरुवारी सकाळी दहा वाजता फेरीमेन बेसबॉल संघाचं संग्रहालय सांभाळणाऱ्या नेड फिस्टरने काचेच्या कपाटातून १९६८ सालचं स्कोअरबुक काढलं, आणि नऊ ऑगस्टचा सामना उघडला. डावीकडचं पान गायब होतं. शिवणीपाशी पात्याने कापून कुणीतरी ते नेलं होतं.

अर्ध्या तासात ऑर्विल हॅसकँप त्याच्यासमोर उभा होता. शहात्तर वर्षांचा, मान आखडलेला आणि तोंडात कायम लवंगेची गोळी. तीस वर्षं अंपायरगिरी केलेल्या माणसाचा कुणावर विश्वास उरत नाही, आणि ऑर्विलचा तर तो मुळात फारसा नव्हताच. स्वतःची बायको "दूध संपलं" म्हणाली तरी तो फ्रिज उघडून बघायचा.

"पोलिसांना सांगितलंस?"

"नाही. आधी तुम्हाला. चार वाजता मतदान आहे ना."

पोर्ट हॅलमच्या फेरीमेन संघाच्या मैदानाबाहेर, तीन नंबरच्या फाटकाशी, एक दगडी चौथरा वर्षभर रिकामा होता. त्यावर कुणाचा पुतळा बसवायचा यावरून गावातल्या न्हाव्यांच्या दुकानांत भांडणं झाली होती, एक साखरपुडा मोडता मोडता वाचला होता. बाकीची नावं गळाली आणि दोनच उरली. एक पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणारा, डेल रस्क. फेरीमेनच्या इतिहासातला एकमेव 'नो-हिटर' त्याचा, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्या एकाही बॅटरला त्याने धड हिट मिळू दिली नव्हती. दुसरा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, लॉनी टिब्स. एकोणीस वर्षं एकाच संघात, आणि क्षेत्ररक्षणात सलग शहाऐंशी सामने एकही चूक नाही. रस्क वारला होता. टिब्स त्र्याऐंशी वर्षांचा होता आणि डॉक्टर त्याच्याबद्दल पुढच्या उन्हाळ्याची भाषा करत नव्हते.

गंमत अशी, की टिब्सची ती शहाऐंशी सामन्यांची माळ तुटली ती रस्कच्या नो-हिटरमध्येच. नऊपैकी सातव्या डावात टिब्सकडे गेलेल्या एका चेंडूवर बॅटर पळत पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचला. स्कोअररने आधी ते 'हिट', म्हणजे बॅटरचं यश, म्हणून जाहीर केलं आणि सामना संपल्यावर ते खोडून 'चूक', म्हणजे टिब्सचा दोष, असं केलं. रस्कचा नो-हिटर वाचला आणि टिब्सच्या नावावर डाग लागला. टिब्सची मुलगी योलांडा सहा महिने वर्तमानपत्रात लिहीत होती, की तिच्या बापाला त्या दिवशी लुबाडलं. मूळ पान समितीपुढे ठेवा, खाडाखोड दिसेल. आज ते पान समिती बघणार होती.

"समितीतली दोन मतं रस्कला आहेत, दोन टिब्सला," नेड म्हणाला. "पाचवं तुमचं. म्हणजे चोर कोण हे कळलं की पुतळा कुणाचा हेही ठरलं, नाही का?"

ऑर्विलने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सारली.

"तुम्ही तर त्या सामन्यात होतात. पहिल्या बेसवर तुम्हीच होतात," नेड पुढे सरकला. "खरं सांगा, हिट होती की चूक?"

"ते अंपायर ठरवत नाही, स्कोअरर ठरवतो. पळणारा सेफ की आऊट, एवढंच माझं काम," ऑर्विल तुटकपणे म्हणाला आणि पुस्तकावर वाकला.

कापलेल्या शिवणीत पांढरी पावडर अडकली होती.

२

"राळ!" नेड कुजबुजला. "पिचर लोक हात घसरू नये म्हणून वापरतात ती. त्या कपाटात रस्कची राळेची पुरचुंडी आहे, आणि तिची गाठ सैल झालीय बघा. रस्कच्या पोराचंच काम हे!"

ऑर्विलने बोट ओलं करून पावडर टिपली आणि अंगठ्याशी चोळली. राळ हजारदा त्याच्या हाताला लागली होती. ओली झाली की ती बोटं सोडत नाही. ही चिकटली नाही. खरखरीत झाली आणि वाळून बोटावर पापुद्रा धरून बसली.

"तू गाठ सैल केलीस की आपोआप झाली?"

नेडचा चेहरा पडला. "माझ्यावर संशय? अहो, पंधरा वर्षं सांभाळतोय मी हे सगळं!"

"म्हणूनच विचारतोय. हे पुस्तक शेवटचं बाहेर कधी काढलंस?"

"मंगळवारी. समितीसाठी त्या पानाशी खुणेची चिठ्ठी घालून ठेवायची होती. इथे टेबलावर ठेवलं आणि तेवढ्यात खाली पाइप फुटल्याचा फोन आला. वीस मिनिटं गेलो असेन. आलो, मिटलं, कपाटात ठेवलं."

"उघडून न बघता."

"...न बघता."

"तेव्हा इथे कोण होतं?"

नेडने बोटांवर मोजत सांगितलं. समितीसाठी दोघांच्याही पुतळ्यांचे नमुने घडवणारी आनेके व्हॉस होती, तिचं काम याच दालनात चालायचं. तिच्यापुढे लॉनी टिब्स बसला होता. योलांडा बापाला सोडून गाडी लावायला गेली होती, ती नेड परतल्यावर त्याच्याबरोबरच लिफ्टने वर आली. आणि मधेच रस्कचा मुलगा क्रेग बापाच्या नमुन्यासाठी फोटो द्यायला येऊन गेला होता.

अंपायरांच्या शाळेत पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. पहिल्या बेसवर चेंडू आधी पोहोचला की पळणाऱ्याचा पाय, हे ठरवताना दोन्ही ठिकाणी बघता येत नाही. म्हणून डोळे पायावर ठेवायचे आणि कान बेसवरच्या क्षेत्ररक्षकाच्या ग्लोव्हवर. चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा 'थप्प' आवाज पायाच्या आधी आला तर आऊट. ऑर्विल संसारातही याच पद्धतीने वागत आला होता. माणसं बोलतात तिकडे तो बघायचा नाही, त्यांचे पाय बघायचा.

दारात पावलं वाजली. क्रेग रस्कचे बूट होते ते, आणि ते घाईत होते.

३

पन्नाशीचा, लालबुंद चेहऱ्याचा क्रेग आत आला तोच तणतणत. "काय ऐकतोय मी? बाबांचं पान चोरीला गेलं? ऐन मतदानाच्या दिवशी? त्या बाईने केलं असणार, त्या योलांडाने!"

"बस," ऑर्विल म्हणाला. "मंगळवारी इथे आला होतास?"

"आलो होतो. फोटो दिले, म्हाताऱ्या टिब्सशी हात मिळवला, निघालो. पाच मिनिटं."

"कोटाच्या बाहीला काय लागलंय ते?"

क्रेगने बाही पाहिली. कडेला पांढरा डाग होता. नेडने ऑर्विलकडे असं पाहिलं, जणू खटला संपलाच.

"हे? टिब्सच्या हाताचं. तो प्लॅस्टरने माखला होता ना. त्या बाई त्याच्या पंजांचा साचा घेत होत्या."

"प्लॅस्टर," ऑर्विल पुटपुटला आणि बोटावरचा पापुद्रा नखाने खरवडला.

"अहो, मी कशाला चोरू? मला ते पान पुतळ्याशेजारी काचेत लावायचंय! दाखवा तरी काय नेलंय ते." क्रेगने पुस्तक स्वतःकडे ओढलं, उजवीकडच्या पानावर बोट फिरवलं आणि थांबला. "हे काय? आहे की! फेरीमेन, नऊ ऑगस्ट. आणि हे बाबा, नवव्या क्रमांकावर, रस्क. काय गेलंय मग?"

नेड तोंड उघडणार, एवढ्यात ऑर्विलने त्याच्या पावलावर पाय ठेवला.

"काही नाही," तो क्रेगला म्हणाला. "जा तू. चार वाजता ये."

क्रेग गेल्यावर नेड उसळला. "सोडलंत त्याला? बाहीला प्लॅस्टर आहे त्याच्या!"

"आणि डोक्यात पण. स्कोअरबुकात उजवीकडे आपल्या संघाची बॅटिंग असते. रस्कने कुणाकुणाला बाद केलं, टिब्सची चूक कुठे झाली, हे सगळं पाहुण्यांच्या पानावर असतं, डावीकडे. एवढंही त्याला ठाऊक नाही. त्याला बापाचं पान चोरायचं असतं तर त्याने उजवीकडचं कापलं असतं."

"नाटक करत असेल."

"असेल," ऑर्विल म्हणाला, कारण तसं वाटणं त्याच्या रक्तातच होतं. "पण त्याचे बूट माझ्याकडे तोंड करून होते. खोटं बोलणाऱ्याचे दाराकडे वळतात."

म्हणजे चोराला स्कोअरबुक वाचता येत होतं, आणि त्याच्या हाताला प्लॅस्टर होतं. ऑर्विलला हे फारसं आवडलं नाही.

४

आनेके व्हॉस खिडकीशी मातीचा हातभर उंच नमुना घडवत होती. मातीचा लॉनी टिब्स वाकून चेंडू उचलत होता. ऑर्विलने चष्मा पुसून पाहिलं.

"बाई, ग्लोव्ह उजव्या हातात आहे याच्या."

"मग? चेंडू पकडायला चांगला हात नको का?"

"चांगल्या हाताने फेकतो तो! ग्लोव्ह डाव्यात."

"अरे देवा," ती म्हणाली. "तरीच मिस्टर टिब्स परवा हसत होते. मी विचारलं तर म्हणाले, 'राहू दे पोरी, असाच उभा केलास तर मला कुणी ओळखणार नाही, बरं होईल.'"

ऑर्विलने मनातल्या यादीतल्या तिच्या नावावर काट मारली. जिला ग्लोव्ह कुठल्या हातात ते ठाऊक नाही, तिला डावं पान कुठून कळणार?

"तुम्ही पूर्ण वेळ इथेच होतात?"

"साचा सुटल्यावर भांडी धुवायला गेले होते, मागच्या मोरीत. दहाएक मिनिटं."

"तुमची पाती?"

"या टेबलावरच होती. का हो?"

तेवढ्यात योलांडा टिब्स आत आली. गणिताची मास्तरीण, काखेत फाइल आणि डोळ्यांत आग.

"तर पान गेलं," ती म्हणाली. "मला माहीत होतं. एकावन्न वर्षांपूर्वी संघाच्या मालकाच्या सांगण्यावरून ते बदललं, आणि आता उघडं पडायच्या दिवशी ते उडालं. तुम्हाला यात काहीच काळंबेरं दिसत नाही का, मिस्टर हॅसकँप?"

"मला सगळ्यातच दिसतं. तुमच्यातसुद्धा."

"माझ्यात?"

"तुम्ही गाडी लावायला वीस मिनिटं घेतलीत."

"दाराशी एक शाळेची बस आडवी होती. ड्रायव्हरला विचारा, मी त्याला काय काय ऐकवलं ते त्याला पाठ असेल." तिचा आवाज खाली आला. "हे बघा, मला बाबांचा पुतळा त्यांच्या डोळ्यांदेखत हवाय. मेल्यावर हार घालायला सगळेच येतील. आज नाही म्हणालात, तर पुढची समिती तीन वर्षांनी बसेल. तेवढी वर्षं त्यांच्याकडे नाहीत."

ऑर्विलचा आवाजही नरमला. "तुम्ही स्वतः ते पान कधी पाहिलंय?"

"नाही. लहानपणी बाबांनीच मला स्कोअर लिहायला शिकवला, पण या सामन्याचं नाव काढलं की म्हणायचे, जुनं उकरू नकोस. मी पान मागवलंय हे मंगळवारी गाडीत सांगितलं, तर घरी परत चल म्हणाले."

ऑर्विलने टोपी उचलली. त्याला आता कुणाला विचारायचं उरलं नव्हतं, आणि जिथे जायचं होतं तिथे जायची इच्छा नव्हती.

५

लॉनी टिब्स घराच्या ओसरीत, गुडघ्यांवर शाल घेऊन रेडिओ ऐकत होता. त्याने डोळे न उघडताच म्हटलं, "ये आंधळ्या. तुझी पावलं अजून तशीच वाजतात."

खेळाडू अंपायरला आंधळा म्हणतात, त्यात नवल नाही. पण लॉनी ते असं म्हणायचा, की दर वेळी ऑर्विलला कुठेतरी लागायचं.

"नखांत प्लॅस्टर आहे तुझ्या," ऑर्विल म्हणाला.

लॉनीने हात पाहिले, हसला आणि शालीखालून पत्र्याचा डबा काढला. आत घडी घातलेलं पान होतं. ऑर्विलने ते उलगडलं. सातव्या डावाच्या चौकोनात शाईने लिहिलेली 'हिट' खोडलेली होती आणि वर 'ई-६' होतं. ई म्हणजे एरर, चूक, आणि सहा म्हणजे शॉर्टस्टॉप. शेजारी, समासात, दुसऱ्याच हातचं अक्षर होतं: 'चेंडू माझ्या हातातून सुटला. चूक माझी. एल. टिब्स.'

ऑर्विल पायरीवर बसला.

"तुला कुणी लुबाडलंच नाही. तू स्वतः लिहून दिलंस."

"सामना संपल्यावर अंघोळसुद्धा न करता वर गेलो स्कोअररकडे. तो म्हणतो, लॉनी, मला तर काही सुटलेलं दिसलं नाही, सहीनिशी लिहून देशील तरच बदलतो. दिलं लिहून."

"का?"

"डेलचा खांदा संपला होता. आठवड्याभरात त्याला काढणार होते, आणि घरात चार दिवसांचं पोर, हा क्रेग. नो-हिटरने त्याला आणखी एक वर्ष मिळालं." लॉनीने रेडिओ बंद केला. "दक्षिणेत सराव सामन्यांना जायचो ना, तिथल्या खानावळी मला काळ्याला आत घ्यायच्या नाहीत. सगळा संघ आत जेवायचा. डेल माझ्याबरोबर बसमध्ये बसून बोलोनी सँडविच खायचा, ते स्वस्तातल्या थंड मांसाच्या चकत्यांचं. सहा वर्षं. त्याला बोलोनी आवडायचंसुद्धा नाही."

"मग पान आता का कापलंस?"

"योलांडा सहा महिने जगाला सांगतेय, माझ्या बापाला लुटलं. ही सही बघून तिचं काय होईल? आणि डेलचा नो-हिटर म्हणजे मित्राने टाकलेली भीक असं लोक म्हणतील. तो मेलाय, तो काय उत्तर देणार? नको मला पुतळा असल्या किमतीला."

"म्हणजे चेंडू खरंच हातातून सुटला नव्हता."

"नाही."

"मग ती हिटच होती. डेलचा नो-हिटर खोटाच होता."

लॉनीने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. "आंधळ्या, तू एकावन्न वर्षं सगळ्यांचे पाय बघत फिरतोयस. तुझा स्वतःचा पाय कुठे होता रे त्या दिवशी?"

ऑर्विलने गोळी चावली. ती फुटल्याचा आवाज त्याला स्वतःलाच मोठा वाटला.

"मी फेकलेला चेंडू बेसवर आधी पोहोचला होता," लॉनी म्हणाला. "एका पावलाने. तो आऊट होता. ना हिट, ना चूक. डेलचा नो-हिटर सोळा आणे खरा होता, आणि माझे शहाऐंशीचे सत्त्याऐंशी झाले असते. तू हात पसरून सेफ म्हणालास. मग मी तुझा चेहरा पाहिला."

पंचवीस वर्षांचा अंपायर, नोकरीचं पहिलं वर्ष. अठरा हजार माणसं किंचाळत होती. त्याचे डोळे पायावर होते, पण कानात ग्लोव्हचा आवाज आलाच नाही. त्याने अंदाज केला. पळणारा बेस ओलांडून गेला, ऑर्विलने मान वर केली, तर चेंडू ग्लोव्हमध्ये निवांत पडलेला होता. चूक त्याला तिथेच कळली. पण हात पसरून झाले होते, आणि अंपायरने शब्द फिरवायचा नसतो असं तो तेव्हापासून स्वतःला सांगत आला होता. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"तू कधी बोलला का नाहीस?"

"कुणी ऐकलं असतं? एकोणीसशे अडुसष्ट साली, माझं, गोऱ्या अंपायरविरुद्ध?" लॉनीने शाल नीट केली. "तू खरा रस्ता बंद केलास, म्हणून मी आडवाटेने गेलो. त्या दिवशी मैदानात दोन खोटं बोलणारे होते, ऑर्विल. एकाने सही तरी केली."

घड्याळात सव्वातीन झाले होते.

"हे पान मी नेतोय," ऑर्विल उठला.

"आणि काय सांगणार?"

ऑर्विलने पान घडी करून डब्यात ठेवलं आणि डबा काखेत मारून पायऱ्या उतरला.

६

चार वाजता तो समितीपुढे उभा राहिला. पहिल्या रांगेत योलांडा होती, मागे क्रेग. ऑर्विलने पान टेबलावर ठेवलं.

"हे कुणी कापलं ते सांगतो, पण आधी ते का कापावं लागलं ते ऐका," तो म्हणाला. "यात एक खाडाखोड आहे आणि एक सही. दोन्ही खोट्या आहेत, कारण त्यांच्या आधी मी खोटा होतो. पळणारा आऊट होता. मला ग्लोव्हचा आवाज ऐकू आला नाही, मी अंदाजाने सेफ दिलं, आणि दोन सेकंदांत मला कळलं की चुकलो. एकावन्न वर्षं मी गप्प बसलो. रस्कचा नो-हिटर खरा आहे. टिब्सने त्या दिवशी काहीही सोडलं नव्हतं. या पानावर चूक लिहायचीच असेल तर माझ्या नावाने लिहा."

मग त्याने सही कुणाची, ती का केली, खानावळीबाहेरची बस, आणि मंगळवारी पातं कुणी उचललं, सगळं सांगितलं. योलांडाने फाइल मिटली आणि तोंडावर हात धरला. नेडने पान जवळ ओढून सही पाहिली आणि हळूच पुस्तकात जागच्या जागी ठेवलं.

क्रेग रस्क उठला. "बाबा घरी कधी बोलोनी आणू द्यायचे नाहीत," तो म्हणाला. "वास सहन व्हायचा नाही त्यांना. आम्हाला कारण माहीत नव्हतं." मग अध्यक्षबाईंकडे वळून म्हणाला, "माझ्या वडिलांचं नाव मागे घ्या. ते इथे असते तर त्यांनी हेच केलं असतं."

मतदान पाच विरुद्ध शून्य झालं.

सप्टेंबरात पडदा उघडला. ग्लोव्ह डाव्या हातात होता. पुतळ्याच्या लॉनीने चेंडू नुकताच सोडला होता, उजवा हात पुढे, नजर पहिल्या बेसच्या दिशेला. खरा लॉनी चाकाच्या खुर्चीत, योलांडाच्या पुढ्यात बसून वर बघत होता. बँड थांबला.

"काय रे आंधळ्या," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "फेकला तर आहे. आता सांग, काय झालं?"

ऑर्विल चौथऱ्यापुढे, लॉनीच्या खुर्चीशेजारी आला. पाय फाकवून, गुडघे वाकवून उभा राहिला, जसं पहिल्या बेसवर उभं राहायचं असतं तसं. त्याने उजवी मूठ आवळली आणि मान आखडलेली असूनही ती जोरात वर उडवली.

"आऊट!" तो ओरडला.

लॉनीने मान हलवली. "उशीर केलास," तो म्हणाला, आणि ऑर्विलची ती वरची मूठ खाली घेऊन आपल्या दोन्ही हातांत धरली.